आपापल्या खोलीत

रात्री नऊ-साडेनऊला आपल्या घरांमध्ये काय चाललेलं असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सगळे घरातच असतात. बाबा लॅपटॉप उघडून बसलेले, आजीची मालिका चालू, लेक दार लोटून, कानाला हेडफोन लावून बसलेली, आणि आई ओटा पुसता पुसता उद्याच्या डब्याच्या विचारात. भांडण नाही, रुसवा नाही. दिवसभराची दमलेली माणसं जरा निवांतपणा शोधत असतात, एवढंच.

हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण हल्ली एका इंग्लिश बाईच्या लहानपणाविषयी वाचत होते आणि तिचं घर काही डोक्यातून जाईना. त्या घरात ना मोबाइल होते, ना लॅपटॉप. तरी सगळे असेच, आपापल्या खोलीत.

मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचं गाव आहे. गावापासून दूर, वर माळरानावर, बर्टल एज हाउस नावाचं एक मोठं, एकटं घर होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे वूड कुटुंब राहायला गेलं. आई, वडील आणि चार मुलं. सगळ्यात धाकटी व्हिक्टोरिया, जन्म १९ मे १९५३ चा. मोठ्या खोल्यांमध्ये प्लायवूडची पार्टिशनं घालून तिथे लहान खोल्या केलेल्या होत्या. ज्याची त्याची खोली, ज्याचं त्याचं दार. एकत्र पानावर बसायची पद्धत नव्हती. भूक लागेल तेव्हा ज्याने त्याने काहीतरी करून घ्यायचं आणि आपल्या खोलीत न्यायचं. आईला घरी माणसं आलेली आवडत नसत, त्यामुळे पाहुणे नाहीत, मैत्रिणीही नाहीत. एक लहान मुलगी, तिचं सँडविच, टीव्ही आणि पुस्तकं.

हीच मुलगी पुढे व्हिक्टोरिया वूड म्हणून साऱ्या ब्रिटनची लाडकी झाली. एकटीने रंगमंचावर उभं राहून हजारो लोकांना दोन-दोन तास हसवायचं, हे तिचं काम. आपल्याला हा प्रकार नवा नाही. पु.लं.ची 'बटाट्याची चाळ' आणि लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आपण पाहिलंय, निदान कॅसेटवर तरी ऐकलंय. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये बाईमाणसाने एकटीने हे करणं दुर्मीळ होतं. १९९३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, जिथे पाच हजारांवर माणसं बसतात, तिचे १५ प्रयोग हाऊसफुल्ल झाले. बाफ्टा पुरस्कार तर तिला किती तरी वेळा मिळाले, विनोदासाठीही आणि गंभीर अभिनयासाठीही. १९९७ मध्ये ओबीई, २००८ मध्ये सीबीई असे सरकारी सन्मानही झाले.

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते पुरस्कारांविषयी नाही. मला त्या प्लायवूडच्या पार्टिशनविषयी बोलायचंय.

तिचे आईवडील वाईट होते का? मला नाही तसं वाटत. वडील स्टॅन्ली दिवसा विम्याच्या व्यवसायात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात टाइपरायटरवर बसायचे. गाणी लिहायचे, नाटकं लिहायचे, 'कॉरोनेशन स्ट्रीट' या गाजलेल्या मालिकेसाठीही त्यांनी लिहिलं. आईने संसाराच्या रगाड्यातून पुन्हा शिक्षण सुरू केलं. त्या काळातल्या चार मुलांच्या आईला हे सोपं गेलं असेल का? दोघंही कष्टाळू, बुद्धिमान. मुलांना मारझोड नाही, खाण्यापिण्याचे हाल नाहीत. फक्त दोघांचीही डोकी सतत कुठल्यातरी कामात गुंतलेली.

हे वाचताना आपलंच कुणीतरी वर्णन करतंय असं वाटतं की नाही? नोकरी, त्यावर एखादा ऑनलाइन कोर्स, हप्ते, आईबाबांची दुखणी, सोसायटीची मीटिंग. आपण हे सगळं मुलांसाठीच तर करतो. आणि मुलं हळूहळू शिकतात, की आई कामात आहे, बाबा कॉलवर आहेत, आत्ता नको. मग एक दिवस 'आत्ता नको' म्हणायची वेळच येत नाही, कारण ती विचारायला येतच नाहीत. आपल्याला वाटतं, शहाणी झाली.

व्हिक्टोरियाची सोबत म्हणजे खाणं. एकटीने, टीव्हीसमोर, मिळेल ते. ती जाड होत गेली आणि हे वजनाचं प्रकरण आयुष्यभर तिच्या मागे राहिलं. पुढे नाव झाल्यावरही तिच्याविषयी लिहिताना तिच्या वजनाचा उल्लेख करण्यात कुणाला काही गैर वाटत नसे. २००४ साली तिने बीबीसीसाठी डाएटच्या धंद्यावर माहितीपट केला, लोक बारीक होण्यापायी किती पैसे आणि किती जीव घालवतात त्यावर. पन्नाशीच्या बाईने हा विषय निवडला, यावरूनच तो किती खोल गेला होता ते कळतं.

या बाबतीत आपल्या घरांचं काय चालतं बघा. लग्नकार्यात, वाढदिवसाला, अगदी दारात चपला काढता काढता कुणीतरी म्हणतंच, "अगंबाई, किती सुटलीय ही!" म्हणणारी मावशी प्रेमाचीच असते. आपण ओशाळं हसतो, वर "हो ना, व्यायामाच्या नावाने बोंब" अशी भरही घालतो. त्या क्षणी लेकीच्या चेहऱ्याकडे बघायचं आपल्याला सुचत नाही. ती पण हसते. कधी कधी स्वतःच एखादा विनोद करून टाकते, म्हणजे दुसऱ्यांनी करायला नको.

मला वाटतं, अशा वेळी आईने एकच वाक्य बोलावं: "वाढतं वय आहे, भूक लागते तिला." आणि विषय बदलावा. मावशीला राग येणार नाही आणि लेकीला कळेल की आई आपल्या बाजूला आहे. वजनाची खरोखर काळजी असेल तर ती डॉक्टरांशी बोलावी, चारचौघांत नको. आणि पोर दुपारी घरी आल्यावर काय खातंय यापेक्षा ते एकटं बसून खातंय का, हे आधी बघावं.

आता शाळेचं. गावातल्या प्राथमिक शाळेत व्हिक्टोरिया हुशार मुलगी होती. मग अकराव्या वर्षीची परीक्षा पास होऊन ती बरी ग्रामर स्कूलमध्ये गेली. नावाजलेली शाळा. तिथे सगळ्याच हुशार. आजवर वर्गात पहिली येणारी मुलगी एकदम गर्दीतली एक झाली आणि तिने हातपायच गाळले. गृहपाठ नाही, कपड्यांचं भान नाही, मैत्रिणी नाहीत. इतर मुलींचा हेवा वाटायचा, असं तिने पुढे मोकळेपणाने सांगितलंय. शाळेच्या दप्तरी ती बहुधा आळशी, अव्यवस्थित मुलगी म्हणून नोंदली गेली असेल. तिच्या मनात काय चाललंय, याची नोंद कुठेच नसते.

आपल्याकडे हे पाचवीत होतं, आठवीत होतं आणि हमखास अकरावीत होतं. दहावीला ९४ टक्के मिळवलेलं पोर मोठ्या कॉलेजात किंवा क्लासच्या स्पेशल बॅचमध्ये जातं आणि पहिल्याच चाचणीत मधल्या कुठल्यातरी नंबरावर येतं. आपण काय म्हणतो? "लक्ष नाही तुझं." "मोबाइल काढून घेते आता." आपणही घाबरलेलो असतो, फी भरलेली असते, रात्री झोप लागत नाही. पण त्या पोराला आतून वाटत असतं की आपण हुशार आहोत हे खोटंच होतं की काय. त्याला त्या वेळी टाइमटेबल करून देण्याआधी कुणीतरी एवढं म्हणायला हवं, की इथे सगळेच पहिले आलेले आहेत, जड जाणारच, मलाही नव्या ऑफिसात असंच होतं. हे ऐकल्यावर मार्क वाढतीलच असं नाही. पण मूल घरात बोलायला लागतं.

व्हिक्टोरियाच्या लहानपणी तीन गोष्टी अशा घडल्या, ज्या मी वाचताना पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहिल्या.

पहिली, ती सहा वर्षांची असताना. बक्स्टन गावच्या थिएटरमध्ये तिने जॉइस ग्रेनफेलचा कार्यक्रम पाहिला. ग्रेनफेलबाई एकट्याच रंगमंचावर यायच्या, वेगवेगळ्या बायका उभ्या करायच्या, गायच्या. एकटं माणूस, सजावट नाही, आणि सगळं थिएटर त्याच्याकडे बघतंय. माणसाला असंही करता येतं, हे त्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या संध्याकाळची आठवण ती मोठेपणी सांगत असे. मुलांना कुठे नेल्यावर त्यांच्या आत काय रुजतं हे आपल्याला दिसत नाही. परत येताना आपण विचारतो, "आवडलं का? काय शिकलीस?" लेक म्हणते, "बरं होतं." आपल्याला वाटतं तिकिटाचे पैसे वाया गेले. न्यावं तरीही.

दुसरी गोष्ट पियानोची. पंधराव्या वाढदिवसाला वडिलांनी तिला पियानो दिला. ती बऱ्याच अंशी आपली आपणच शिकली. पुढे तिची सगळी सुरुवात याच पियानोवर झाली, स्वतः लिहिलेली गमतीदार गाणी म्हणत. म्हणजे बघा, ज्या वडिलांना पोरीशी गप्पा मारायला फुरसत नव्हती, त्यांनीच तिला सगळ्यात मोलाची वस्तू आणून दिली. वडिलांची मायाच ती, त्यात शंका नाही. आपल्या घरातल्या कीबोर्ड, गिटारी आणि सायकलीही अशाच येतात. माझं एवढंच म्हणणं आहे, की पियानो आणून दिल्यावर कधीतरी खोलीच्या दारात उभं राहून पाच मिनिटं ऐकावंही. चुकीचे सूर काढत असली तरी. "क्लासच्या बाईंनी काय शिकवलं?" हे न विचारता.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. १९६८ साली, पंधराव्या वर्षी, ती शेजारच्या रॉचडेल गावच्या युवा नाट्य कार्यशाळेत जायला लागली. शाळेत कोपऱ्यात बसणारी ही मुलगी तिथे एकदम खुलली. आपण योग्य जागी आलो आहोत, इथे आपल्याला काय करायचं ते कळतं, असं तिला तिथे वाटलं. ती लिहायला लागली, तिच्या विनोदावर लोक हसायला लागले. मार्क नव्हते, नंबर नव्हते. तिचा जुना इतिहास तिथे कुणाला ठाऊक नव्हता.

आपण मुलांना किती क्लासला घालतो! पण बहुतेक ठिकाणी परीक्षा असते, निदान वर्षाअखेरीचं प्रमाणपत्र तरी असतंच. जिथे गेल्यावर पोराचा चेहरा उजळतो, अशी जागा यातली कुठली, हे आपण फारसं बघत नाही. आपल्याकडे सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं तेव्हापासून बालनाट्याची एक मोठी परंपरा आहे. सुट्टीतली नाट्यशिबिरं गावोगाव चालतात. पण नाटकच पाहिजे असं कुठे आहे? ट्रेकिंगचा ग्रुप असेल, कॉलनीतलं ढोलपथक असेल, वाचनालयातली ओळखीची बाई असेल. तेरा ते सोळा वयात घराबाहेरची अशी एक जागा मिळालेलं मूल बरंच काही निभावून नेतं. आणि ती जागा त्यांची त्यांनाच राहू द्यावी. रोज घ्यायला गेल्यावर सरांना बाजूला घेऊन "कशी चाललीय हिची प्रगती?" हे नको.

आता एक छोटा प्रसंग, कारण तो आठवला की मला बरं वाटतं. नाट्यप्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मँचेस्टर पॉलिटेक्निकला ऑडिशन द्यायला गेली होती. इतकी घाबरली की तिला बादलीत उलटी झाली. ऑडिशनला आलेल्या मुलांना इकडेतिकडे फिरवून दाखवायचं काम तिथल्याच एका विद्यार्थिनीकडे होतं. तिचं नाव जुली वॉल्टर्स. हो, हॅरी पॉटरच्या सिनेमात रॉनच्या आईचं काम करणारी तीच. व्हिक्टोरिया तिथे शिकली नाही, ती गेली बर्मिंगहॅम विद्यापीठात. पण १९७८ मध्ये लंडनच्या बुश थिएटरमध्ये दोघी एका कार्यक्रमात एकत्र आल्या, जुनी ओळख पटली, आणि पुढची पस्तीसेक वर्षं त्या एकमेकींच्या कामाचा आधार झाल्या. व्हिक्टोरियाने लिहायचं आणि जुलीने त्यात जीव ओतायचा.

परीक्षेच्या सकाळी आपलं पोर पोट धरून बसतं, उलट्या करतं, तेव्हा आपल्या छातीत धस्स होतं. "एवढंसं टेन्शन झेपत नाही, पुढे कसं होणार याचं?" मला वाटतं, बादली पुढे करावी, पाठीवरून हात फिरवावा आणि भविष्याचा विचार त्या सकाळपुरता बाजूला ठेवावा.

यशाची वाटही सरळ नव्हती. १९७४ साली, विद्यापीठात असतानाच, ती 'न्यू फेसेस' या टीव्हीवरच्या टॅलेंट शोमध्ये गेली आणि आपली फेरी जिंकली. आता दारं उघडणार असं वाटलं असेल. उघडली नाहीत. मधली काही वर्षं जेमतेम कामाची गेली. अधूनमधून टीव्हीवर एखादं गाणं, बाकी वाट बघणं.

मग तिने 'टॅलेंट' नावाचं नाटक लिहिलं. १९७८ मध्ये ते शेफील्डला झालं, दुसऱ्या वर्षी टीव्हीवर आलं. विषय काय, तर एका हलक्या दर्जाच्या क्लबातली गाण्याची स्पर्धा. स्पर्धेला आलेली एक मुलगी, तिच्यासोबत आलेली जाडी मैत्रीण आणि रंगमंचामागे त्यांना भेटणारी माणसं. टीव्हीवर स्पर्धक मुलीचं काम जुलीने केलं आणि मैत्रिणीचं व्हिक्टोरियाने. झगमगाटाच्या मागे पोरींना किती सोसावं लागतं आणि कशा नजरा झेलाव्या लागतात, हे तिने हसवत हसवत सांगितलं. आपल्यापैकी ज्यांची मुलं गाण्याच्या किंवा नाचाच्या रिअ‍ॅलिटी शोच्या रांगेत उभी आहेत, त्यांनी पोराचा नंबर लागेल का यापेक्षा जास्त विचार मेकअपरूमचा, रात्री उशिराच्या शूटिंगचा आणि बाद झाल्यावर घरी येतानाच्या प्रवासाचा करावा. त्या प्रवासात आपण काय बोलणार, ते आधीच ठरवून ठेवावं.

पुढचं सगळं भराभर झालं. टीव्हीवर जुलीसोबतचं 'वूड अँड वॉल्टर्स', मग १९८५ पासूनचं 'अ‍ॅज सीन ऑन टीव्ही', आणि दौरे. सुरुवातीला ती पियानोशी बसून गायची आणि गाण्यांच्या मध्ये थोडं बोलायची. हळूहळू बोलणं वाढत गेलं आणि एक दिवस ती पियानो सोडून उठून उभी राहिली. ती काय बोलायची? वाणसामान, बसमधल्या बायका, शेजारणी, वजन कमी करायचे वर्ग, नवरा-बायकोतलं अवघडलेपण. लँकेशरच्या बायका स्वयंपाकघरात ज्या लकबीने बोलतात, ती लकब तिच्या कानात पक्की बसली होती. पार्टिशनपलीकडचे आवाज ऐकत वाढलेल्या मुलीला दुसऱ्याचं बोलणं इतकं बारकाईने ऐकायची सवय लागली असेल, असं मला आपलं वाटतं.

इथे कुणी म्हणेल, मग एकटेपणाने तिचं भलंच केलं की! हा विचार माझ्याही मनात येऊन गेला, पण मला तो पटत नाही. ती मोठी झाली ती तिच्या कष्टांनी आणि रॉचडेलच्या त्या जागेमुळे. एकटेपणाने तिला दिलं ते खाण्याचं व्यसन आणि अनोळखी माणसांत वाटणारा संकोच. हजारोंसमोर बिनधास्त बोलणारी ही बाई चारचौघांत बुजरीच होती. पुढे तिने थेरपिस्टची मदतही घेतली. आपल्या पोरांना हसता-खेळता मोठं होता येत असेल, तर तेच बरं.

आणि आपल्या घरातल्या त्या छोट्या विनोदवीराचं काय? बहुतेक घरांत एखादं असतंच. कुकरच्या शिट्ट्या मोजत आपण कणीक मळतोय आणि ते ओट्याला टेकून सांगतंय, "आई, ऐक ना, एक माणूस असतो, नाही, थांब, दोन माणसं असतात..." विनोदाचा शेवट आधीच सांगून टाकतं, मग स्वतःच हसत सुटतं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपण "हं, मग?" म्हणतो, पण आपलं चित्त वाजणाऱ्या फोनकडे. त्याच्या आवाजातला जोर मध्येच कमी होतो. "जाऊ दे, नंतर सांगतो." हे 'जाऊ दे' कानाने टिपायला शिकायला हवं. गॅस बारीक करून "नाही, पूर्ण सांग" म्हणायला अर्धं मिनिट पुरतं. विनोद आधी दहादा ऐकलेला असला तरी चालेल.

सतत सगळ्यांना हसवणारं मूल खूश आहे असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा असतंही. पण घरात ताण असला, कुणी कुणाशी बोलत नसलं, की काही मुलं हसवण्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेतात. तसं वाटलं तर त्याला एकदा जवळ घेऊन सांगावं, की आमचं आम्ही बघतो, तुला रोज हसवायची गरज नाही.

ऐकून घेणारं कुणी नसेल तर माणूस काय करतं, यावर व्हिक्टोरियाने पुढे एक संबंध चित्रपट लिहिला. 'हाऊसवाइफ, ४९' हा २००६ चा टीव्हीपट. नेला लास्ट नावाची बॅरो गावातली खरीखुरी गृहिणी, दोन मुलांची आई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सामान्य माणसांच्या रोजनिश्या गोळा करणाऱ्या मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेला ती आपलं रोजचं जगणं लिहून पाठवायची. घरात नवरा अबोल, मुलं आपापल्या वाटेला. कागद मात्र ऐकत होता. व्हिक्टोरियाने लेखनही केलं आणि नेलाची भूमिकाही. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा बाफ्टा तिला त्यासाठी मिळाला. आयांनो, हा सिनेमा आपल्यासाठीही आहे. मुलांचं ऐकायचं तर आपलंही कुणीतरी ऐकायला हवं. मैत्रीण, बहीण, वही, जे जवळ असेल ते. सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईला रात्री एकदा तरी "तुझं काय चाललंय?" असं विचारणारं कुणी घरात असेल, तर तिच्या अंगात दुसऱ्या दिवसासाठी बळ येतं.

२० एप्रिल २०१६ ला व्हिक्टोरिया कर्करोगाने गेली. वय फक्त ६२. २०१९ मध्ये बरी गावात तिचा पुतळा उभा राहिला, ज्या गावात तिला एके काळी एकही मैत्रीण नव्हती त्या गावात.

तिची एक मालिका मात्र मोठ्या मुलांसोबत बसून जरूर बघा. 'डिनरलेडीज', १९९८ ते २००० मधली, अवघे १६ भाग, सगळे तिने एकटीने लिहिलेले. प्रत्येक भाग शुक्रवारी प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायचा, रात्रीतून ती तो पुन्हा लिहायची आणि शनिवारी पुन्हा नव्याने चित्रण व्हायचं. मँचेस्टरमधल्या एका कारखान्याचं कँटीन, तिथे काम करणाऱ्या बायका, टोस्टवर लोणी लावता लावता चाललेल्या गप्पा. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचे गुडघे दुखताहेत, मॅनेजरला कॅन्सर झालाय. एकाच वेळी सगळ्या बोलतात आणि तरी सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं. व्हिक्टोरियाने त्यात ब्रेनचं काम केलंय, अनाथालयात वाढलेल्या बाईचं. सगळ्यांचं निस्तरणारी, सगळ्यांची विचारपूस करणारी ती. आणि जुली वॉल्टर्स तिची आई, कधीतरी उगवायचं, स्वतःच्याच थापा मारायच्या, लेकीची चौकशी करायचीच नाही अशी. बघताना हसून हसून पुरेवाट होते आणि मध्येच घशात काहीतरी अडकतं.

लँकेशरचा हेल आहे, पहिला भाग कळायला जड जाईल, सबटायटल लावा. जेवणं उरकून सगळे एकाच खोलीत बसा, ताटंवाट्या राहू देत तशाच. बघता बघता मुलगी मध्येच "आमच्या वर्गात पण ना, एक अशीच आहे..." असं काही सांगायला लागली, तर रिमोट उचला आणि मालिका थांबवा. तिचं सांगून होऊ दे. उरलेला भाग उद्या बघता येईल.